नवऱ्याची थकबाकी, बायकोचा रिफंड

अमेरिकेत पहिल्या लग्नातल्या मुलांची पोटगी थकवलेल्या माणसाशी लग्न केलं आणि दोघांनी मिळून एकच आयकर विवरणपत्र भरलं, की बायकोच्या पगारातून जादा कापलेल्या कराचा रिफंडही त्या थकबाकीत परस्पर वळता होऊ शकतो. तो सोडवून घ्यायचा अर्ज म्हणजे फॉर्म ८३७९.

एकत्र विवरणपत्राची गोडी १९४८ पासूनची. त्याआधी, १९३० मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'पो विरुद्ध सीबॉर्न' खटल्यात वॉशिंग्टन राज्यातल्या जोडप्याला उत्पन्न निम्मं-निम्मं दाखवायची मुभा दिली होती, कारण त्या राज्याच्या कायद्यात लग्नानंतरची कमाई दोघांची. (आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे असंच आहे. आयकर कायद्यानुसार पगार सोडून बाकीचं उत्पन्न तिथे नवरा-बायकोत वाटलं जातं.) अमेरिकेत असा कायदा नसलेल्या राज्यांतल्या जोडप्यांना मात्र जास्त कर पडायचा. शेवटी १९४८ मध्ये ही सवलत सगळ्यांनाच मिळाली. एकत्र भरलेल्या कराची जबाबदारी दोघांवर मिळून आणि प्रत्येकावर पूर्ण, हे मात्र कायद्यात १९३८ पासूनच होतं.

कर दोघांचा, मग रिफंड कोणाचा? १९७४ च्या एका निर्णयात अमेरिकी आयकर खात्यानेच म्हटलं, की सही दोघांची असली तरी ज्याने जादा कर भरला, परतावा त्याचा. फॉर्म ८३७९ ची सगळी भिस्त या भेदावर आहे.

तो भेद कळीचा ठरला १९८१ मध्ये. थकलेली पोटगी रिफंडातून कापायचा कायदा त्या वर्षी झाला. १९८४ मध्ये विद्यार्थी कर्जासारखी केंद्र सरकारची देणी त्यात आली, पुढे राज्यांचा थकलेला आयकर, २००८ नंतर बेकारी भत्त्याची काही थकबाकीही. १९८६ च्या सोरेन्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी 'अर्न्ड इन्कम क्रेडिट'सुद्धा पोटगीपोटी कापता येते, असा निकाल दिला. गरिबाच्या हातात चार पैसे पडावेत म्हणून दिलेली रक्कमही सुटली नाही, हे मला आजही खटकतं.

फॉर्मचं नाव फसवं आहे. 'इंजर्ड स्पाउस' म्हणजे जोडीदाराच्या जुन्या देण्यात जिचा किंवा ज्याचा रिफंड गेला, ती व्यक्ती. 'इनोसंट स्पाउस' वेगळा: जोडीदाराने विवरणपत्रात केलेल्या चुकीमुळे किंवा लबाडीमुळे अंगावर आलेल्या करातून सुटका मागणारा. फॉर्म दर वर्षी नव्याने भरावा लागतो. वॉशिंग्टनसारख्या सामाईक मालमत्तेच्या नऊ राज्यांत वाटणी त्या-त्या राज्याच्या कायद्याने ठरते, त्यामुळे तिथे 'माझा पगार, माझा रिफंड' हे दर वेळी चालत नाही.

फॉर्म वेळेत भरूनही पैसे गेले, असं २०२० मध्ये झालं. कोविडच्या मदतीतून फक्त थकलेली पोटगी कापायची होती, पण थकबाकीदाराच्या जोडीदाराचा वाटाही त्यात गेला. ऑगस्टमध्ये खात्याने अशा सुमारे ५० हजार जणांना उरलेल्या रकमेचे धनादेश टपालाने पाठवत असल्याचं जाहीर केलं.