ज्युनिपरच्या खोडातला दुष्काळ

तुर्कस्तानात अंकाराच्या नैर्ऋत्येला गॉर्डियन नावाचं प्राचीन ठिकाण आहे. तिथे माणसांनी मातीचे थर रचून उभारलेली पन्नासेक मीटर उंचीची टेकडी आहे आणि तिच्या पोटात तिथे पूर्वी राज्य करणाऱ्या फ्रिजियन लोकांच्या एका राजाची लाकडी समाधी आहे. इ.स.पू. ७४०च्या सुमारास ती बांधताना ज्युनिपरचे जाडजूड ओंडके वापरले गेले. त्यांच्या वाढीची वलयं एकमेकांशी जुळवत मागे गेलं, की फ्रिजियनांच्याही आधीच्या, हिटाईट साम्राज्याच्या काळात पोहोचता येतं.

हे हिटाईट म्हणजे इजिप्तच्या तोडीस तोड सत्ता. इ.स.पू. १२७४मध्ये कादेश इथे त्यांनी दुसऱ्या रामसेसच्या फौजेला रोखलं आणि पंधरा वर्षांनी त्याच्याशी तह केला. हट्टुशा या त्यांच्या राजधानीत मातीच्या हजारो पाट्या मिळाल्या. त्यांतल्या मितानी राज्याबरोबरच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांना साक्षीला बोलावलंय. आपल्या ओळखीची ही नावं इतक्या दूरच्या तहनाम्यात भेटली, की मला आजही हरखून जायला होतं. एवढं बलाढ्य साम्राज्य इ.स.पू. १२००नंतर थोड्याच वर्षांत नाहीसं झालं.

हट्टुशा वसलं होतं मध्य अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, पठारावर. नाईल किंवा युफ्रेटिससारखी शेती पोसणारी मोठी नदी जवळ नाही, सगळी मदार पावसावर. गव्हाला वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस लागतो आणि इथला पाऊस या रेषेच्या आसपासच घोटाळतो. हे हिटाईटांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे गावोगावी धान्याची पेवं असत, तशी प्रचंड पेवं त्यांनी राजधानीत खोदली होती. चौथ्या तुधलिया राजाने धरणं बांधली. म्हणजे हे लोक गाफील मुळीच नव्हते.

तरीही धान्याची ओढाताण त्यांच्या पत्रांत दिसते. हिटाईट राणी पुदुहेपाने रामसेसला कळवलं होतं, की माझ्या देशात धान्य उरलेलं नाही. पुढे फारो मर्नेप्ताहने हिटाईटांना जगवण्यासाठी जहाजांतून धान्य पाठवल्याचं कोरून ठेवलंय. उगारिट बंदरात सापडलेल्या एका पत्रात सुमारे ४५० टन धान्य वाहून न्यायला जहाज मागितलंय, आणि हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे असं बजावलंय.

पण टंचाई नेमकी केव्हा टोकाला गेली, हे पत्रांवरून ठरत नाही. ते ज्युनिपरने सांगितलं. कोरड्या वर्षी झाड कमी वाढतं आणि वलय अरुंद होतं, हे सोपं आहे. त्याहून सुंदर खूण लाकडातल्या कार्बनमध्ये असते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये बहुतेक कार्बन-१२ आणि थोडासा, किंचित जड असा कार्बन-१३ असतो. झाडाला हलका कार्बन अधिक पसंत. मात्र पाणी कमी पडलं, की पानं आपली सूक्ष्म रंध्रं मिटून घेतात. मग आत अडकलेल्या तुटपुंज्या हवेवरच भागवावं लागतं, निवड करायला वाव राहत नाही, आणि जड कार्बनही जास्त वापरला जातो. त्या वर्षीच्या लाकडात तो कायमचा राहतो. जगण्यासाठी झाडाने केलेली ही काटकसर तीन हजार वर्षांनंतरही मोजता येते!

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन्ही खुणा एकत्र तपासल्या. काळानुसार घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनच्या, म्हणजे रेडिओकार्बनच्या, मदतीने वलयांचा काळ ठरवला. इ.स.पू. ११९८ ते ११९६ अशी सलग तीन वर्षं अतिशय कोरडी निघाली. कालगणनेत चूक असलीच तर दोन-तीन वर्षांची.

माझ्या मते इथे ‘सलग’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. एक वर्ष बुडालं तर पेवं उघडतात. दुसऱ्या वर्षी बियाण्याला हात लागतो, जनावरं विकली जातात. तिसऱ्या वर्षी पेरायलाच काही नसतं. आपण ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतो खरं, पण त्याआधीच्या दोन वर्षांतही महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत पिकं गेली होती; लोक मोडले ते त्या ओळीने आलेल्या वर्षांमुळे. हिटाईट राज्यात करही धान्याच्या रूपात येई आणि सैन्यही त्याच धान्यावर पोसलं जाई. पीक गेलं की दोन्ही डगमगणार. त्यातच राजघराण्यातली भांडणं होती आणि किनाऱ्यावर समुद्री टोळ्यांचे हल्ले. दुष्काळाने एकट्याने साम्राज्य बुडवलं असं मी म्हणणार नाही. त्याने आधीच आलेल्या संकटांतून सावरायला उसंत दिली नाही.

हट्टुशाच्या मोठ्या इमारती जळाल्याचे पुरावे आहेत, त्यामुळे शत्रूने शहर लुटून पेटवलं असं बराच काळ मानलं जाई. पण नंतरच्या उत्खननात देवळं आणि वाडे आगीपूर्वीच रिकामे झालेले आढळले. मौल्यवान वस्तू सावकाश, आवराआवर करून नेलेल्या. जड रांजण आणि मातीच्या पाट्या तेवढ्या मागे राहिल्या. राजा आणि दरबार शहर सोडून गेले होते, आणि आग लागली तेव्हा आत जळण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.