'हँग ऑन' म्हणजे थांबा, 'हँग अप' म्हणजे फोन ठेवा

हर्णैला माझ्या वहिनीचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे. मे महिन्यात एका बाईंचा फोन आला. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. शनिवारी खोली मिळेल का, असं त्या इंग्रजीत विचारत होत्या. बुकिंगची वही आतल्या खोलीत. वहिनी अगदी अदबीनं म्हणाली, "मॅडम, प्लीज हँग अप," आणि वही आणायला गेली. परत येते तो फोन बंद! बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. सांगितलं तेच त्यांनी केलं.

'हँग ऑन' म्हणजे वाईच थांबा, लाइनवर राहा. 'हँग अप' म्हणजे फोन ठेवा. क्रियापद तेच, पण शेपटीचा छोटा शब्द बदलला की अर्थ थेट उलटा.

'अप' कुठून आला ते कळलं की घोळ होत नाही. बेलला टेलिफोनचं पेटंट १८७६ मध्ये मिळालं. त्यानंतर भिंतीवर लावायचे फोन आले, त्यांच्या बाजूला एक आकडा असे. बोलणं संपलं की कानाचा रिसीव्हर त्या आकड्याला वर टांगायचा. त्याच्या वजनानं आकडा खाली जाई आणि लाइन तुटे. टांगणं म्हणजे तोडणं, ते असं. आता ना आकडा ना रिसीव्हर, तरी शब्द तोच राहिला. 'हँग ऑन'मध्ये मात्र टांगणं नाही, घट्ट धरून राहणं आहे. होडी डोलायला लागल्यावर आपण दोर धरतो, तसं.

आपल्या मराठीत तरी वेगळं काय आहे? 'फोन ठेव' म्हणजे बंद कर, आणि 'फोन धरून ठेव' म्हणजे बंद करू नकोस. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची इथे अशीच फसगत होत असणार. म्हणून वहिनीची चूक मला अडाणीपणाची वाटत नाही.

आणखी एक गोंधळ आपणच घालून ठेवलाय. 'फोन हँग झाला' म्हणजे मोबाइल गोठला, असं आपण सर्रास म्हणतो. पण तेच सांगायला इंग्रजीत 'आय हंग अप' म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्हीच फोन ठेवलात. त्याला 'ऑन' जोडून 'आय हंग अप ऑन हर' म्हटलं तर आणखी वाईट: ती बोलत असतानाच मी फोन ठेवून दिला, म्हणजे चक्क अपमान. फोन गोठला असेल तर 'माय फोन फ्रोझ' म्हणावं.

'होल्ड ऑन'चा अर्थ 'हँग ऑन'सारखाच. दोन्ही घरगुती, मित्रांत चालणारे. अनोळखी पाहुण्याशी 'हँग ऑन' जरा सलगीचं वाटतं. तिथे 'वन मोमेंट, प्लीज' किंवा 'कुड यू होल्ड, प्लीज?' बरं.

वहिनीला मी हे चुलीपाशी बसून समजावलं. तिनं त्यातलं एकच वाक्य उचललं आणि वहीच्या पुठ्ठ्यावर देवनागरीत लिहून ठेवलं: 'वन मोमेंट, प्लीज डोन्ट हँग अप.' वही आता फोनशेजारीच असते.