मार्शल अटॅक: १९१८ च्या डावामागची गोष्ट

ऑक्टोबर १९१८, न्यूयॉर्क. मॅनहॅटन चेस क्लबच्या स्पर्धेत क्यूबाचा बुद्धिबळपटू कॅपाब्लांका पांढऱ्याकडून रुय लोपेझ ही ओपनिंग (डावाची सुरुवातीची पद्धत) खेळतो. आठव्या चालीला काळ्याकडून अमेरिकेचा फ्रँक मार्शल प्यादे डी५ या घरावर ढकलतो आणि ई५ चे प्यादे सोडून देतो. हाच तो मार्शल अटॅक. मार्शलने हे अस्त्र खास कॅपाब्लांकासाठी नऊ वर्षे झाकून ठेवले होते, असे सांगतात. १९०९ च्या सामन्यात त्याने कॅपाब्लांकाकडून ८-१ असा मार खाल्ला होता (१४ डाव बरोबरीत), त्यामुळे सूडकथा जुळतेही छान.

पण मधल्या काळात हे दोघे हवानात (१९१३) आणि सेंट पीटर्सबर्गला (१९१४) समोरासमोर आलेच होते. १९१७ मध्ये वॉल्टर फ्रेअरविरुद्ध मार्शलने याच धर्तीचे बलिदान दिले होते, आणि डी५ ची कल्पना तर १८९३ मध्येच हवानात पटावर आली होती. तयारी घरची होती, एवढे नक्की. नऊ वर्षे मात्र मला पटत नाहीत.

प्यादे घेतले की हल्ला येणार आणि त्यातल्या वाटा समोरच्याला पाठ असणार, हे कॅपाब्लांकाने ओळखले होते. तरी त्याने ते घेतले. पंधराव्या चालीला काळ्या घोड्याने एफ२ वर उडी मारली. तो घोडा पांढऱ्या वजिराने मारला तर? काळ्याने घाईने उंट जी३ वर आणला, तर पांढरा वजीर एफ७ वर मारून शह देतो. काळ्या हत्तीने तो वजीर घेतला की पांढऱ्या हत्तीची ई८ वर मात. म्हणून आधी उंट एच२ वर, शह! राजा एफ१ वर सरकल्यावर मग जी३. आता एफ७ वरचा वजीर काळा हत्ती मारतो तो शह देऊनच, आणि मात हुकते. पट मांडून बघाच, चालींच्या क्रमाचा इतका चांगला धडा क्वचित मिळतो. कॅपाब्लांकाने घोड्याला हात न लावता हत्ती ई२ वर आणला, हल्ला जिरवला आणि छत्तिसाव्या चालीला डाव जिंकला.

एवढे होऊनही ओपनिंगला नाव मिळाले ते हरलेल्याचे. मार्शलने त्या दिवशी अकराव्या चालीला घोडा एफ६ वर नेला होता. पुढे त्याऐवजी सी६ ही प्याद्याची शांत चाल रूढ झाली. १९६५ मध्ये तालविरुद्धच्या कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) अंतिम सामन्यात स्पास्कीने या ओपनिंगचा आधार घेतला. आज पांढऱ्याकडून कित्येक जण आठव्या चालीला ए४ किंवा एच३ खेळून हा प्रश्नच टाळतात.