दोनशे वॅटचा फुगा आणि दाराचं भोक

भाच्याने जुनी हॅचबॅक घेतली. गाडीत कंपनीने बसवलेला साधा स्टिरिओ आणि पुढच्या दोन दारांत एकेक स्पीकर. महिना झाला नाही तोच हा पठ्ठ्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक खोकं बगलेत मारून घरी हजर. खोक्यावर आगीच्या ज्वाळा, आणि ज्वाळांच्या मधोमध आकडा: ५० वॅट × ४.

"मामा, दोनशे वॅट! आता बघ, गाडी कशी हलते ते."

मी खोक्यातला नवा स्टिरिओ बाहेर काढून पालथा केला. पाठीमागे नखाएवढा लाल फ्यूज खोचलेला. त्यावर १० असं लिहिलेलं, म्हणजे १० अँपिअर.

"दोनशे वॅट येणार कुठून?"

"बॅटरीतून."

"आणि या फ्यूजमधूनच ना?"

इंजिन चालू असताना गाडीच्या तारांत साधारण १४.४ व्होल्ट असतात. शाळेतलं सूत्र आठवा: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १४.४ गुणिले १० म्हणजे १४४. क्षणभराचा झटका फ्यूज सोसतो, पण सततचा भार याहून जास्त झाला की तो वितळतो. या १४४ मधूनच स्टिरिओचे दिवे, स्क्रीन, आतल्या चिपची उष्णता हे सगळं भागवायचं. मग खोक्यावरचे २०० आले कुठून?

तेही शाळेतल्याच सूत्रातून आले आहेत, फक्त लबाडीने. गाडीतल्या स्पीकरचा विजेला होणारा रोध बहुधा ४ ओहम असतो. १४.४ चा वर्ग केला आणि ४ ने भागलं की येतात ५१.८ वॅट. हा झाला खोक्यावरचा ५०, एका स्पीकरचा; चार स्पीकरचे मिळून दोनशे. म्हणजे विजेचा दाब (व्होल्ट) सदासर्वकाळ या टोकाला किंवा त्या टोकाला ताणलेला आहे, मधे कुठे थांबतच नाही, असं धरून केलेला हिशोब. असं संगीत नसतं, असा असतो बझर. स्वच्छ, गोल लहरीसाठी याच्या निम्मे म्हणजे २६ वॅट मिळतील. चिपच्या आतली गळती वजा करा, विशीच्या आसपास उरतात. गाडी लहान असो की मोठी, बॅटरी तीच, म्हणून उत्तरही तेच. याहून जास्त हवे असतील तर आधी दाब वाढवावा लागतो, आणि सीटखाली बसवतात तो वेगळा अँप्लिफायर नेमकं तेच करतो. त्याच्या पोटातलं सर्किट बॅटरीचे १२-१४ व्होल्ट वर चढवतं आणि मग ते स्पीकरला देतं. म्हणूनच त्याची जाड तार थेट बॅटरीपासून ओढावी लागते.

बरं, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होतो असंही नाही. २०२० च्या सुरुवातीला मुंबईच्या वाहतूक पोलिसांची काही सिग्नलांवरची एक गंमत गाजली होती, आठवत असेल. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आता समजा, आवाज मोजणाऱ्या मीटरपाशी एका रिक्षाचा हॉर्न ८५ भरतो. शेजारी तसाच दुसरा वाजला तर १७० होत नाहीत, ८८ होतात. शक्ती दुप्पट झाली की डेसिबलमध्ये भर पडते ती फक्त ३ ची. कानाला आवाज "दुप्पट" वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट वॅट. एका वॅटला ८८ डेसिबल देणारा स्पीकर काढून ९१ देणारा लावला, तर अँप्लिफायरला हात न लावता शक्ती दुप्पट केल्यासारखंच झालं. स्पीकरच्या खोक्यावरच्या बारीक अक्षरांत हा आकडा असतो. तो कोणी वाचत नाही.

भाच्याने वाचला होता, हे कबूल करायला हवं. त्याने नवे साडेसहा इंची स्पीकरही आणले होते. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात त्याने ते बसवले आणि ढोलकीचं एक रेकॉर्डिंग लावलं. चाटीची, म्हणजे वरच्या स्वराच्या तोंडाची, टणक थाप कडक आली. धुमाचा, म्हणजे खालच्या स्वराच्या तोंडाचा, घुमारा गायब! जुन्या स्पीकरवर निदान जेवढा होता तेवढाही नाही.

"फसवलं दुकानदाराने," भाचा म्हणाला.

मी घरातून रिमोटमधला पेन्सिल सेल काढून आणला. स्पीकरच्या तारा सोडवल्या आणि सेल क्षणभर टेकवला. उजव्या दारातल्या स्पीकरचा पडदा टक् करून बाहेर आला. तशाच रंगाच्या तारांना तसाच सेल डाव्या दारात टेकवला, तर पडदा आत गेला. एका बाजूचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले होते. उजवा स्पीकर हवा ढकलत होता तेव्हा डावा ती ओढत होता. दोघांचा मिळून धूम शून्याच्या जवळ. तारा अदलाबदल केल्या आणि घुमारा परत आला. भाच्याने दुकानदाराला दिलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या असाव्यात.

यात एक प्रश्न दडलेला आहे. खालचा धूमच का गेला, वरची टणक थाप का नाही? याचं उत्तर कळलं की गाडीतल्या आवाजाचं अर्धं शास्त्र हाताला लागतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मुंबईच्या तिशीतल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. सेकंदाला १०० कंपनं, म्हणजे १०० हर्ट्झचा स्वर घेतला, तर त्याची एक लहर झाली साडेतीन मीटरची. जवळपास आख्ख्या छोट्या गाडीएवढी! ५० हर्ट्झची तर सात मीटर. उलट ३००० हर्ट्झची लहर जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर. डाव्या आणि उजव्या दारापासून तुमच्या कानापर्यंतच्या अंतरात समजा अर्ध्या मीटरचा फरक आहे. साडेतीन मीटरच्या लहरीला हा फरक किरकोळ. दोन्ही लहरी एकमेकींच्या जवळजवळ समोरासमोर येतात आणि एक चढ तर दुसरी उतार असेल तर पुसल्या जातात. साडेअकरा सेंटिमीटरच्या लहरीसाठी मात्र अर्धा मीटर म्हणजे चार लहरींहून जास्त. तिथे जुळणी आधीच विस्कटलेली असते, तारा सरळ जोडा की उलट्या.

आता दुसरा स्पीकर विसरा, एकच घ्या. त्याचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. म्हणजे प्रत्येक स्पीकर स्वतःच दोन उलटे स्पीकर आहे, एक पोटाकडचा आणि एक पाठीकडचा. पाठीकडचा आवाज वळसा घालून पुढे आला की खालच्या स्वरांचं तेच होतं जे भाच्याच्या गाडीत झालं.

पटत नसेल तर घरी करून बघा. जुना स्पीकर नुसता हातात धरून वाजवा. ट्रान्झिस्टरसारखा किणकिणाट येईल. मग पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याला त्याच्या मापाचं गोल भोक पाडा आणि भोकावर तो घट्ट दाबा. कुठून तरी अचानक धूम उगवतो. वीज तीच, स्पीकर तोच. फक्त पाठीच्या आवाजाची वाट बंद झाली.

दोन ओळी गणित सोसा. नाही सोसवलं तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. नुसत्या स्पीकरच्या पाठीपासून पुढे यायचा वळसा धरा २० सेंटिमीटर. १०० हर्ट्झच्या ३४९ सेंटिमीटर लहरीचा हा सतरावा-अठरावा भाग. पूर्ण लहर म्हणजे ३६० अंश, तर वळशामुळे पडणारा फरक २१ अंशांचा. पाठीचा आवाज मुळातच १८० अंशांनी उलटा, त्यात हे २१. बेरीज केल्यावर उरणारा दाब दोन गुणिले साडेदहा अंशांची ज्या (साइन), म्हणजे ०.३६. दाबाचा वर्ग ही ऊर्जा, म्हणजे ०.१३. जवळजवळ सात-अष्टमांश ऊर्जा आपल्याच पाठीने खाल्ली! ५० हर्ट्झला तर जेमतेम तिसावा भाग उरतो. हे भरून काढायला आठपट, तीसपट वॅट ओतत बसायचं, की वाट बंद करायची?

तर गाडीचं दार म्हणजे हे खोकं. निदान तसं असायला हवं. आम्ही भाच्याच्या गाडीचं डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतल्या बाजूचं आवरण, उघडलं. आतल्या पत्र्याला तळहात आरपार जाईल एवढी दोन भोकं, काचेची मोटर बसवायला आणि दुरुस्तीला हात घालायला ठेवलेली. त्यावर काळ्या चिकट गोंदाने डकवलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद, एका कोपऱ्यात सुटलेला. स्पीकर प्लॅस्टिकच्या कड्यावर, कडं आणि पत्रा यांच्यात फट. स्पीकर वाजताना मी त्या प्लॅस्टिकवर बोट ठेवलं तर ते जिवंत माशासारखं फडफडत होतं. पाठीचा सगळा आवाज तिथून थेट गाडीत.

कारागीर ज्याला नुसतं "डॅम्पिंग" म्हणतात, त्यात खरं तर दोन वेगळी कामं असतात. भोकं आणि फटी बंद करणं हे एक. पत्र्याचं थरथरणं मारणं हे दुसरं. त्यासाठी ब्युटाइल रबराची शीट येते, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेली. दाराचा पत्रा वाकला की त्याच्यावर चिकटलेलं रबरही ताणलं जातं, पण वरचं ॲल्युमिनियम त्याला मोकळं सोडत नाही. मधल्या मधे रबर चुरगळत राहतं आणि थरथरण्याची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून शीट रोलरने दाबून, हवेचा फुगा न ठेवता चिकटवायची. सगळा पत्रा मढवायचीही गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध निम्म्या जागेवर लावली तरी पत्र्याचा घंटेसारखा "ठण्ण" जाऊन "ठप" येतो. टिचकी मारून बघा, फरक लगेच कळतो.

इथे मुंबईकरांसाठी एक धोक्याची सूचना. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दाराच्या आत जातंच, जायचंच असतं, आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून ते निघून जातं. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या गाडीचं डॅम्पिंग करून घेतलं तेव्हा कारागिराने उत्साहाच्या भरात ही भोकंही बुजवली. जुलैत सायनला ब्रेक मारला की दारातून कळशी हिंदकळल्यासारखा आवाज यायचा. आधी वाटलं डिकीत बाटली लोळतेय. शेवटी स्क्रू-ड्रायव्हरने तळाची शीट टोकरली, तर बादलीभर गढूळ पाणी चपलेवर. कागदी पडद्याचा स्पीकर तोवर पापडासारखा मऊ झाला होता. कारागीर म्हणाला, "साहेब, यंदा पाऊसच जास्त झाला." वरची भोकं बंद, तळाची उघडी, एवढं त्याला बजावून सांगा आणि गाडी ताब्यात घेताना दारात तांब्याभर पाणी ओतून बघा.

दुकानात यानंतर तारांचा विषय निघतो. सोनेरी टोकांच्या, बोटाएवढ्या जाड, आणि काहींवर चक्क बाण छापलेला, आवाज कुठल्या दिशेने न्यायचा त्याचा! स्पीकरमधली वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट जाते, तिला कसला बाण? दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध तीन मीटर जाऊन-येऊन ०.०७ ओहम. स्पीकरच्या ४ पुढे तो कानाला कळत नाही. बाण छापलेली तार आणि नंबरप्लेटखाली बांधलेली लिंबू-मिरची यांत फरक एवढाच की लिंबू-मिरची स्वस्त आहे. तारेत बघायचं असेल तर एकच बघा, ती तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. स्पीकरपुरतं ठीक आहे, पण अँप्लिफायरला जाणाऱ्या बॅटरीच्या तारेत हा फरक गरम होऊन दिसतो. त्या तारेला बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज हवाच. तो अँप्लिफायरसाठी नसतो, तार कुठे घासून पत्र्याला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

सबवूफरचं, म्हणजे फक्त खालच्या स्वरांसाठीच्या मोठ्या स्पीकरचं, थोडक्यात: गाडी हा त्याचा मित्र आहे. अडीच मीटरच्या बंद केबिनमध्ये ७० हर्ट्झच्या खाली अर्धी लहरसुद्धा मावत नाही, त्यामुळे पडदा आख्ख्या केबिनचा दाब एकदम वर-खाली करतो आणि खालचा स्वर आपोआप वाढतो. घरात जो सब केविलवाणा वाटतो तो गाडीत छाती दडपतो. भाच्याला अजून तरी तो घेऊ दिलेला नाही.

दोन्ही दारांची भोकं आणि फटी बंद करून घेतल्यावर आम्ही २०० हर्ट्झपासून सावकाश खाली उतरत जाणारा एकच स्वर लावला आणि गाडीत गप्प बसून राहिलो. असा स्वर गाडीतली सैल वस्तू बरोबर शोधून काढतो, कारण प्रत्येक वस्तूची थरथरायची आवडती कंपनसंख्या ठरलेली असते. ९० पर्यंत सगळं शांत. ६० च्या आसपास डाव्या दारातून "खर्रर्र". भाच्याचा चेहरा पडला, पुन्हा पॅड उघडायचं म्हणून. त्याने दारावर ठिकठिकाणी हात दाबून बघितला, मग खालच्या खिशात घातला. मूठभर नाणी निघाली, आधीच्या मालकाने टोलनाक्यासाठी ठेवलेली. मुंबईच्या वेशीवरचा लहान गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, चिल्लर तेव्हापासून तिथेच होती. मोजली तर त्रेचाळीस रुपये. खालच्या टपरीवर दोन कटिंग झाल्या आणि उरलेली नाणी भाच्याने, का कोण जाणे, परत त्याच खिशात टाकली.