फोटो दिसतो, मजकूर का दिसत नाही? टिडलीविकी आणि डिस्कवरच्या फाईलींची पार्श्वभूमी

एका फोल्डरमध्ये तीन फाईली ठेवा. एक टिडलीविकीची (एकाच फाईलमध्ये मावणारी, ब्राउझरमध्ये उघडणारी नोंदवही) एचटीएमएल फाईल, एक आजीच्या वहीतल्या पानाचा फोटो आणि त्याच पानावरचा मजकूर टाईप केलेली साधी टेक्स्ट फाईल. आता विकीत दोन टिडलर करा, म्हणजे दोन छोट्या नोंदी, आणि दोन्हींच्या कॅनॉनिकल यूआरआय (_canonical_uri, म्हणजे बाहेरच्या फाईलचा पत्ता) या फील्डमध्ये त्या त्या फाईलचं नाव लिहा आणि टाईपमध्ये तिचा प्रकार निवडा. डबल क्लिक करून विकी क्रोममध्ये उघडली की फोटो लगेच येतो, मजकुराची जागा मात्र कोरीच. माझं असं झालं तेव्हा एक अख्खी संध्याकाळ मी फाईलच्या नावात कुठे काना-मात्रा चुकलाय का ते बघत बसले होते. चूक कुठेच नव्हती, ब्राउझरने ती फाईल वाचायला नकार दिला होता. हा नकार समजायला जरा मागे जावं लागतं.

१९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅमने पहिली विकी (वाचणाऱ्यालाच बदलता येणाऱ्या पानांचा संच) सुरू केली ती सर्व्हरवर, म्हणजे पानं दुसरीकडे कुठेतरी आणि आपण ब्राउझरमधून ती बघायची-बदलायची. सप्टेंबर २००४ मध्ये जेरेमी रस्टनने टिडलीविकी आणली आणि सर्व्हरच काढून टाकला. नोंदी, त्या दाखवणारा प्रोग्राम, शोध, सगळं एकाच एचटीएमएल फाईलमध्ये, पेनड्राईव्हवर घ्या आणि कुठेही उघडा. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते. फक्त एक अडचण होती, ब्राउझर पानं दाखवण्यासाठी बनलेला, डिस्कवर लिहिण्यासाठी नाही.

मग जिथे जी वाट मिळाली ती वापरली गेली. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये अ‍ॅक्टिव्हएक्स (पानाला डिस्कपर्यंत पोहोचू देणारी मायक्रोसॉफ्टची सोय), फायरफॉक्समध्ये पानाने जादा अधिकार मागायची एक जुनी सोय (त्याची परवानगीची खिडकी समोर यायची, आणि आपण 'हो' म्हणून मोकळे व्हायचो), आणि बाकीच्यांसाठी टिडलीसेव्हर नावाची छोटी जावा फाईल जी विकीच्या शेजारीच ठेवावी लागायची. यातली गंमत अशी की जुनी टिडलीविकी सेव्ह करायच्या आधी स्वतःलाच डिस्कवरून वाचायची. स्वतःची फाईल उघडायची, त्यात 'स्टोअर एरिया' नावाचा भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते शोधायची, तेवढा नव्या नोंदींनी बदलायची आणि अख्खी फाईल परत लिहायची. म्हणजे बाहेरची फाईल वाचणं ही काही नंतर जोडलेली चैन नव्हती, सेव्हचं पहिलं पाऊलच ते होतं. आणि स्वतःला वाचता येतं म्हटल्यावर शेजारची दुसरी विकी किंवा टेक्स्ट फाईलही वाचता येणारच, त्यामुळे लोकांनी दुसऱ्या विकीतल्या नोंदी आत ओढणारे प्लगिन लिहिले, आणि एक मोठी विकी ठेवण्याऐवजी चार छोट्या एकमेकींना जोडून ठेवायची पद्धत पडली.

पण जी वाट टिडलीविकीला मोकळी होती ती वाईट हेतूच्या पानालाही मोकळी होती. ईमेलमधून आलेली एखादी एचटीएमएल फाईल तुम्ही डाउनलोड्समध्ये उतरवली आणि उघडली, आणि त्याच फोल्डरमध्ये तुमचं बँक स्टेटमेंट, पॅन कार्डाचा स्कॅन पडलेला आहे, तर ते वाचून बाहेर पाठवायला त्या पानाला काय अवघड? म्हणून ब्राउझरवाल्यांनी एकेक दार बंद केलं. २०१२ मध्ये फायरफॉक्स १७ने ती जादा अधिकारांची सोय काढली. मग टिडलीफॉक्स नावाचं एक्स्टेन्शन आलं, ते पाच वर्षं चाललं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ने जुन्या पद्धतीची सगळीच एक्स्टेन्शन्स बंद केली तेव्हा तेही गेलं. क्रोममध्ये जावाची वाट २०१५ मध्येच मिटली होती.

वाचण्याचा नियम मात्र वेगळा, आणि माझी संध्याकाळ त्यातच गेली. सेम-ओरिजिनचा नियम नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासूनचा: एका ठिकाणच्या पानाच्या स्क्रिप्टने (पानात चालणाऱ्या प्रोग्रामने) दुसऱ्या ठिकाणचा मजकूर वाचायचा नाही. वेबसाईटसाठी 'ठिकाण' ठरवणं सोपं, पण डिस्कवरच्या फाईलचं ठिकाण कोणतं? क्रोमने उत्तर दिलं की प्रत्येक फाईल म्हणजे स्वतंत्र ठिकाण, शेजारच्या फाईलशीही नातं नाही. फायरफॉक्स बरीच वर्षं सैल होता, त्याच फोल्डरमधल्या आणि त्याच्या आतल्या फाईली वाचू द्यायचा, त्यामुळे बाहेरची टेक्स्ट फाईल तिथे बिनबोभाट दिसायची. मग त्यातूनच फाईली चोरता येतात हे दाखवलं गेलं (सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१९-११७३० या नावाने नोंद आहे) आणि जुलै २०१९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ६८ने क्रोमचाच नियम धरला. काल चालणारी विकी अपडेटनंतर कोरी दिसायला लागली, आणि ज्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी अशा बाहेर ठेवल्या होत्या त्यांना राग आला तर मला तो अगदी रास्त वाटतो, जरी दार बंद करणं बरोबर होतं तरी.

मग फोटो कसा दिसतो? कारण चित्र 'दाखवणं' आणि मजकूर 'वाचणं' या ब्राउझरच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इमेज टॅगने आलेलं चित्र पडद्यावर येतं पण स्क्रिप्टच्या हाती त्यातलं काही लागत नाही. आयफ्रेममध्ये (पानाच्या आत दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीत) टेक्स्ट फाईलही तशीच दिसते, पण विकीला ती शोधता येत नाही, त्यातल्या लिंक बनत नाहीत. टिडलीविकीला मजकूर हवा असतो तो वाचायला, म्हणून तोच अडतो.

दुसऱ्या बाजूने सरळ वाटही तयार होत गेली, ती म्हणजे माणसाला विचारायचं. २०१० च्या सुमारास ब्राउझरमध्ये फाईल एपीआय (पानाला फाईल देण्याची ठरलेली सोय) आलं, फाईल ओढून पानावर सोडली की पान ती वाचू शकतं कारण ती तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेली असते. टिडलीविकीचं इम्पोर्ट असंच चालतं. पण त्यात फाईलची प्रत विकीच्या आत जाते, आणि फोटो बेस-६४ मध्ये (साध्या अक्षरांच्या रूपात) बदलून जातो म्हणजे ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा होतो, असे पन्नास फोटो टाकले की विकी उघडायलाच रडते. ऑक्टोबर २०२० मध्ये क्रोम ८६ मध्ये फाईल सिस्टिम अ‍ॅक्सेस आलं, त्यात तुम्ही निवडलेली फाईल पान वाचू शकतं आणि परवानगी दिली तर त्याच जागी परत लिहूही शकतं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा याला विरोध राहिला, त्यामुळे फायरफॉक्समध्ये ती निवडीची खिडकी नाही.

तिसरी वाट म्हणजे सर्व्हर परत आणायचा, पण घरातलाच. टिडलीविकी नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) चालवली की आपल्याच कॉम्प्युटरच्या ८०८० पोर्टवर उघडते, किंवा पायथनचा छोटा सर्व्हर त्या फोल्डरवर लावला की विकी आणि टेक्स्ट फाईल दोन्ही एकाच ठिकाणच्या ठरतात आणि मजकूर मुकाट्याने येतो. फक्त मग पेनड्राईव्ह बहिणीच्या लॅपटॉपला लावून डबल क्लिक केलं की परत तीच कोरी जागा.

म्हणून मी आता फोटो बाहेर ठेवते आणि मजकूर आत. देवनागरीचं एक चिन्ह (काना-मात्राही वेगळं चिन्ह) यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाईट घेतं, आजीच्या वहीचं दीड हजार चिन्हांचं पान साडेचार केबीच्या आसपास होतं, आणि अशी दोनशे पानं आत गेली तरी एका फोटोएवढीही जागा लागत नाही.