मस्टँगची टाकी आणि डिकीचा पत्रा

1965 च्या फोर्ड मस्टँगची डिकी उघडून मॅट उचला. खाली दिसतो तो पत्रा डिकीचा नव्हे, पेट्रोलच्या टाकीचा माथा. डिकीच्या तळाला पाडलेल्या भल्यामोठ्या भोकात टाकी वरून सोडायची, कडेने स्क्रू आवळायचे, की तळ तयार! या गाडीत इंधनाचं काम काढलं की पत्र्याचं काम मागोमाग येतंच, ते यामुळे.

हे सगळं काटकसरीतून आलं. 17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांपुढे आली. किंमत 2,368 डॉलरपासून. एवढ्यात बसवायची म्हणून खालचा बराचसा भाग फोर्डच्याच साध्या फाल्कनचा घेतला. टाकीची ही पद्धतही तिथलीच. प्रवासी आणि टाकी यांच्यात मागच्या सीटची पाठ एवढाच काय तो आडोसा. आज जाणकार तिथे आधी पोलादी पत्रा ठोकतात, रंगाचं नंतर बघतात. मला हा क्रम पटतो.

वेगाची हौस मात्र लगेच सुरू झाली. रेसिंग ड्रायव्हर आणि गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीने 1965 मध्येच मस्टँगची वेगवान आवृत्ती जीटी 350 काढली. 289 घनइंचाच्या व्ही-8 इंजिनावर होली कंपनीचा मोठा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) चढवला, इतरही बदल केले आणि 271 ची ताकद 306 अश्वशक्तीवर नेली. वर हवा घेणारं फायबरग्लासचं बॉनेट. म्हणजे कार्बोरेटर आणि बॉडी एकत्र बदलण्याची रीत गाडीइतकीच जुनी.

मस्टँगच्या व्ही-8 ला कार्बोरेटर 1985 पर्यंत पुरला. 1986 पासून सगळ्या व्ही-8 ना इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणारी यंत्रणा आली. जुन्या गाडीवर तेच बसवायचं तर खरी अडचण दाबाची. इंजिनाला जोडलेला जुना पंप जेमतेम 5-6 पीएसआय देतो, इंजेक्शनला लागतात 43 ते 58. असा पंप पेट्रोलात बुडालेला राहिला तर थंड राहतो. पण साध्या टाकीत, पेट्रोल कमी असताना, वळणावर ते एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि गाडी आचके देते. म्हणून आत आडपडदे असलेली नवी टाकी, शिवाय बहुतेक वेळा उरलेलं पेट्रोल मागे आणणारी रिटर्न लाइन.

त्यात अमेरिकेत 10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं. इथेनॉल ओल धरतं, जुने रबरी होज खराब करतं. (आपल्या पंपावर आता 20 टक्के आहे, जुनी जावा मोटारसायकल वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.)

जुनी टाकी उचलली की भोकाची कड गंजलेली निघते. पुढे काचेखालच्या हवेच्या जाळीत पाला अडकून पाणी पायाशी गळत असतंच. लांबी (पत्र्यावरची पुट्टी) भरून हे झाकतात, पण दोन पावसाळ्यांत ती फुगते. पत्रा कापून नवा जोडणं हाच उपाय. अशी गिऱ्हाइकं इतकी, की 2011 मध्ये फोर्डच्या परवान्याने 1965 च्या कन्व्हर्टिबलचा अख्खा नवा सांगाडा विकायला आला. पत्रा नव्या प्रतीचा, वेल्डिंग आजचं. डिकीच्या तळाला टाकीसाठीचं भोक मात्र तेच.