५५५ चा एलईडी लुकलुकत नाही? आयसी परत आणण्याआधी हे वाचा

डिप्लोमाच्या सबमिशनचा आठवडा आला की आमच्या काउंटरवर दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं : "काका, आयसी खराब निघाला." आयसी म्हणजे ५५५, किटमधली आठ पायांची (पिनांची) टायमर चिप, जी एलईडी ठरावीक वेळाने लुकलुकवते. आम्ही तो घेतो, टेस्ट बोर्डाच्या बेसमध्ये बसवतो आणि समोरचा एलईडी मुकाट लुकलुकायला लागतो. मागे रांग ताटकळलेली, तुमचाही हेलपाटा फुकट. म्हणून आता हा कागद प्रत्येक किटच्या पिशवीत टाकतो. पुडी बांधायला वापरण्याआधी एकदा वाचा.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती कॅपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाची, चूक. किटमध्ये दोन कॅपॅसिटर आहेत. एक उभ्या डबीसारखा, १० मायक्रोफॅरडचा. दुसरा चपटा, टिकलीएवढा, त्यावर १०३ छापलेलं. आकृतीत '१०' लिहिलंय, टिकलीवरही दहा दिसतात, की हात तिकडे गेलाच. पण १०३ म्हणजे दहावर तीन शून्यं, तीही पिकोफॅरडमध्ये. हिशेब केला तर ०.०१ मायक्रोफॅरड, डबीपेक्षा हजारपट लहान! टिकलीची जागा पिन ५ आणि मायनसच्या मध्ये. टिकली पिन २-६ वर बसली तर सेकंदाला एकदा लुकलुकणारा एलईडी जवळजवळ हजार वेळा लुकलुकतो. डोळ्याला तो सतत पेटलेला दिसतो, थोडा मंद. तुम्ही म्हणता चालत नाही, आणि तो बिचारा जीव तोडून चालत असतो.

खात्री करून घ्यायची तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी वायर मायनसला, लाल वायर पिन ३ ला (एलईडीला वीज देणारी). नवी ९ व्होल्टची बॅटरी असताना आकडा चारच्या आसपास दिसला तर सर्किट वेगात धावतंय, कॅपॅसिटर बदला. साडेसात-आठवर स्थिर राहिला तर मात्र खरंच कुठेतरी अडकलंय.

अडकतं कसं? कॅपॅसिटर १० के आणि ६८ के (के म्हणजे किलो-ओहम) या दोन रेझिस्टरमधून भरतो. तो बॅटरीच्या दोन-तृतीयांशावर, म्हणजे ६ व्होल्टवर पोचला की पिन ६ ला कळतं आणि पिन ७ त्याला ६८ के मधून रिकामा करते. ३ व्होल्टवर उतरला की पिन २ पुन्हा भरायला लावते. पिन २ आणि ६ मधली छोटी वायर विसरलात तर हा निरोपच पोचत नाही. पिन २ ला बोट लावल्यावर एलईडी वेडावाकडा चमकला तर समजा, तीच वायर राहिलीय. घरातल्या जुन्या रेडिओतला कॅपॅसिटर काढून वापरू नका. तो गळका असेल तर ६ व्होल्टपर्यंत चढतच नाही आणि एलईडी पेटलेलाच राहतो. डबीच्या अंगावर पट्टा असलेला पाय मायनसला, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

एलईडी अजिबात पेटतच नसेल तर आधी पिन ४ प्लसला आहे का पाहा. मग ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता वायरी खोचायच्या बोर्डाच्या) कडेच्या लांब पट्ट्या तपासा. बऱ्याच बोर्डांत त्या मधोमध तुटक असतात आणि अर्ध्या बोर्डाला वीजच मिळत नाही. आमच्याकडच्या बोर्डांतही काही तसे असतात, विकताना आम्ही सांगतो.

"दुसरी किट द्या" असं काही जण रागावून म्हणतात. आयसी तुमच्यासमोर तपासतो आणि बिघडलेला निघाला तर लगेच बदलून देतो, पण उलट्या बॅटरीने गेलेला बदलत नाही. बॅटरीची टोपी क्षणभर उलटी टेकली तरी आयसी चटका बसेल इतका तापतो, आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. एरवी ही चिप चिवट आहे. हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ मध्ये तिची रचना केली आणि १९७२ पासून ती बाजारात आहे. उगाच टिकलेली नाही. सोल्डर करणार असाल तर आयसी बेस (आयसी खोचायची खाच) नक्की घ्या, चहाच्या पैशात येतो.

बरोबर एक सेकंद का येत नाही, असंही विचारतात. अशा डबीच्या कॅपॅसिटरमध्ये वीस टक्के इकडेतिकडे चालतं. अचूक वेळ हवी असेल तर ६८ के च्या जागी १०० के चा प्रीसेट (स्क्रू फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून जुळवा. तो सुटा मिळेल.

दोन पेन्सिल सेलवर चालवायचं असेल तर साधा ५५५ नको, त्याला निदान साडेचार व्होल्ट लागतात. ७५५५ मागा, ५५५ चाच कमी व्होल्टवर चालणारा भाऊ. थोडा महाग आहे, पण करंट फार कमी खातो.

एवढं करूनही जमलं नाही तर जोडलेला बोर्ड जसाच्या तसा घेऊन या. वायरी काढून पिशवीत भरून आणल्या की चूक कुठे होती ते आम्हालाही सापडत नाही. शनिवारी संध्याकाळी आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात गर्दी असते. एरवी दुपारी तीननंतर आलात तर निवांत बघू.